‘किती बार मारू?’ बोट धुण्याचा प्रश्न संशोधनाचा कसा होतो

वाळूजला वॉशिंग सेंटरची कमी नाही. कंपन्यांच्या शिफ्ट सुटल्या की बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या भागात दुचाक्या, छोटा हत्ती, टँकर, सगळे ओळीने पाणी मारून घ्यायला उभे असतात. आता समजा, अशा एखाद्या सेंटरवर कोणी ट्रॉलीवर लादून फायबरची बोट आणली. नाथसागर इथून लांब नाही. तिथे मासेमारीच्या होड्या आहेत, आणि पूर आला की बचावासाठी फायबरच्या आणि रबरी बोटी निघतात. बोटीच्या तळाला शेवाळ, बाजूला जलपर्णीच्या मुळांचे झुबके, वरून गाळ. गन हातात घेतलेला पोरगा विचारणार, “किती बार मारू?”

पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न मला मुद्दाम तुमच्यासमोर ठेवायचाय. ऐकायला अगदी नेमका वाटतो. आकडा मागतो, एकक मागतो. पण याचं खरं उत्तर ‘१०० बार’ किंवा ‘८० बार’ असं देताच येत नाही, कारण प्रश्न चुकीच्या राशीबद्दल विचारलाय. आपल्या बऱ्याच सिनॉप्सिसचं असंच होतं. मोजायला सोपं ते मोजलं जातं आणि जे जाणून घ्यायचंय ते बाजूलाच राहतं.

आधी पंपाकडे बघू. आपल्याकडे दोन प्रकार सर्रास दिसतात. एक जुना एचटीपी पंप, पट्ट्यावर चालणारा, तीन पिस्टनचा. डाळिंबाच्या बागेत फवारणीला वापरतात तोच. याचा काटा साधारण ३० बारच्या आसपास असतो आणि पाणी मिनिटाला २०-२२ लिटर फेकतो. दुसरं म्हणजे चाकांवरचं छोटं इलेक्ट्रिक मशीन. काटा १०० बार किंवा वर, पण पाणी मिनिटाला आठेक लिटर. (काट्यावर कधी बार असतो, कधी किलो प्रति चौ. सेंमी., कधी पीएसआय. पहिले दोन जवळपास सारखे. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. वाचताना एकक बघा, नाहीतर सगळा हिशेब दहापटीने कोसळतो.)

नोझलमधून पाणी किती वेगाने सुटतं हे बर्नुलीच्या समीकरणातून मिळतं. दाबाची दुप्पट करा, पाण्याच्या घनतेने भागा, वर्गमूळ काढा. १०० बारला सेकंदाला १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर. ३० बारला सेकंदाला ७७ मीटर. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे आहे. दाब जास्त, वेग जास्त.

आता धक्का काढू. धक्का म्हणजे सेकंदाला किती किलो पाणी जातं गुणिले वेग. छोट्या मशीनमध्ये मिनिटाला ८ लिटर म्हणजे सेकंदाला ०.१३३ किलो. गुणिले १४१. येतात सुमारे १९ न्यूटन. जुन्या पंपात सेकंदाला ०.३६७ किलो गुणिले ७७. येतात २८ न्यूटन! म्हणजे काट्यावर तिपटीहून कमी आकडा दाखवणारा पंप बोटीला जवळपास दीडपट जोराने ढकलतो. वॉशिंग सेंटरवर जुनी माणसं ‘जुन्या पंपाला दम आहे’ म्हणतात, त्यामागे हेच गणित आहे.

थांबा, पण ‘ढकलणं’ म्हणजे ‘साफ करणं’ नाही आणि ‘खरवडणं’ही नाही. तो १९ न्यूटनचा धक्का किती जागेवर पडतो? इथे नोझल येतं. बाजारात मिळणाऱ्या नोझलना रंग असतात: लाल म्हणजे शून्य अंश, एकच सुईसारखी धार, पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०. हिरव्या नोझलचा पंखा १० सेंमी. अंतरावर साडेचार सेंमी. रुंद होतो, ३० सेंमी.वर तेरा सेंमी. पंख्याची जाडी जवळ ४ मि.मी. आणि लांब १ सेंमी. धरून चला (हे मी गृहीत धरतोय, तुम्ही मोजून बघू शकता). १० सेंमी.वर सरासरी दाब येतो सुमारे १ बार. ३० सेंमी.वर ०.१५ बार. काट्यावर शंभर, बोटीवर दीड दशांश! हात फक्त वीतभर मागे घेतला, तर बोटीवरचा दाब सहा-सातपट कमी झाला. पंपाचा काटा मात्र जिथल्या तिथे.

हे वाचून ‘मग घाबरायचं कशाला, बोटीवर तर बारभरही दाब येत नाही’ असं वाटेल. इथेच संशोधकाने सावध व्हायचं. सरासरी ही सरासरी असते. हवेतून जाताना झोत फुटतो, त्याचे थेंब होतात, आणि वेगाने येणारा थेंब कडक पृष्ठभागावर आदळतो त्या क्षणी पाण्याला बाजूला सरकायलाही वेळ मिळत नाही. त्या क्षणाचा दाब म्हणजे घनता गुणिले पाण्यातला ध्वनीचा वेग गुणिले थेंबाचा वेग. आकडे घाला: १००० गुणिले १४८० गुणिले १४१. उत्तर येतं २००० बारच्या वर. सेकंदाच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी वेळ, अगदी टिचभर जागेवर, आणि तेही पृष्ठभाग पूर्ण कडक आणि थेंबाचा वेग न घटलेला असं धरून. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच असणार. पण वाफेच्या टर्बाइनची पोलादी पाती थेंबांनी झिजतात ती याच कारणाने. तेव्हा एकाच झोताबद्दल आपल्याकडे तीन आकडे झाले: काट्यावर १००, सरासरी ०.१५, क्षणभराचा २०००. तिन्ही बरोबर आहेत, आणि ‘बोट खराब होईल का’ याचं उत्तर एकट्याने एकही देत नाही. ते उत्तर पृष्ठभागावर प्रयोग करूनच काढावं लागतं.

मुळात ‘सुरक्षित’ म्हणजे कोणासाठी? सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘सुरक्षित’, ‘प्रभावी’, ‘शाश्वत’ असले शब्द आले की समितीतलं कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. बोट धुण्यात निदान चार उत्तरं आहेत: गन धरणारा माणूस, बोट, ज्या पाण्याकाठी धुता ते पाणी, आणि ही बोट पुढे ज्या पाण्यात उतरेल ते पाणी.

माणसापासून सुरू करतो, कारण इथे प्रयोग करायचा नसतो. वैद्यकीय साहित्यात हे ठरलेलं आहे. सुमारे ७ बार दाबाचा बारीक झोत माणसाची कातडी फोडू शकतो. आपल्या सेंटरवरचा सर्वांत जुना पंपही याच्या चौपट. आणि तरी आपल्याकडे चपलेचा चिखल काढायला पायावर गन फिरवण्याची सवय किती पसरली आहे बघा. लांबून, रुंद पंख्याने काही होत नाही, म्हणून सवय लागते. मग एक दिवस नोझल बदललेलं असतं किंवा अंतर बोटभर उरलेलं असतं. अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसते. रक्त फारसं नाही, सुरुवातीला दुखणंही बेताचंच. पण आत पाणी, त्याबरोबर ग्रीस, रंगाचे कण, नाल्यातले जंतू स्नायूंच्या पापुद्र्यांतून दूरवर गेलेले असतात. ‘एवढंसं तर भोक आहे’ म्हणून हळद लावून घरी थांबलेल्या माणसाचं बोट जाऊ शकतं. घाटीत जा, खासगीत जा, पण लगेच जा, आणि डॉक्टरांना ‘लागलं’ असं न सांगता ‘प्रेशर गनचं पाणी आत घुसलंय’ असं स्पष्ट सांगा. तातडीने उघडून साफ करावं लागेल का, हे त्यावर ठरतं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. गनचा ट्रिगर दोरीने बांधून ठेवू नका. गनचं तोंड दुसऱ्या माणसाकडे चेष्टेतही नको. डोळ्यांना गॉगल, पायात बूट. इलेक्ट्रिक मशीन असेल तर अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. जोडवायर पाण्यात पडलेली नको. पेट्रोल इंजिनवरचा पंप बंद शेडमध्ये चालवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बोट ट्रॉलीवर असेल तर चाकांना ठोकळे लावा. आणि शिडीवर चढून गन मारू नका. दोन-तीन किलोचा धक्का जमिनीवर काही वाटत नाही, पण शिडीच्या वरच्या पायरीवर ट्रिगर दाबला की तोच धक्का तुम्हाला मागे लोटतो. त्यापेक्षा लांब नळीची गन घ्या.

आता बोट. फायबरच्या बोटीचा चकचकीत बाहेरचा थर असतो त्याला जेलकोट म्हणतात. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो शाबूत असेल तर आपल्या सेंटरवरचा पंप, रुंद नोझल आणि हातभर अंतर, इतक्याने त्याला सहसा काही होत नाही. जहाजांचा रंग उतरवणाऱ्या उद्योगातलं वर्गीकरण बघा: ३४० बारच्या खालचं सगळं ‘कमी दाबाची सफाई’ मानतात, आणि ‘अति उच्च दाब’ २१०० बारच्या पुढे सुरू होतो. आपण त्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर आहोत.

गोम ‘शाबूत’ या शब्दात आहे. बोट दगडावर आपटली की जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. अशा भेगेत झोत घुसला की पाणी आतल्या काचतंतूंच्या थरात शिरतं, आणि भेगेच्या कडा उचलल्या जाऊन टवका निघतो. लाकडी होडीत फळ्यांमधल्या फटींत भरलेला कापूस आणि लुकण उडून जातं, मऊ झालेल्या लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून लाकडी होडीला गन नकोच, ब्रश आणि पाइप पुरे. रबरी बोटीच्या सांध्यांवर, चिकटवलेल्या पट्ट्यांवर झोत मारू नये. इंजिन असेल तर पंख्याच्या दांड्याजवळची सीलं, हवेची छिद्रं, वायरिंग आणि ट्रॉलीची बेअरिंगं सोडून द्यायची. पाणी बाहेर ठेवायला बनवलेल्या सीलची परीक्षा शंभर बारने घ्यायची नसते.

थर्माकोलचा तर विषयच वेगळा. २०२३ साली आपल्याच गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, ही बातमी सगळीकडे गेली. थर्माकोलवर गन मारली तर त्याचे मणी सुटतात आणि पाण्यावर तरंगत जातात. मासे ते खातात. तराफा तर झिजतोच.

पद्धत म्हणाल तर अशी: हिरवं किंवा पांढरं नोझल, लाल कधीच नाही. फिरत्या धारेचं टर्बो नोझलही नाही, कारण ती शून्य अंशाचीच धार असते, फक्त गरगर फिरते म्हणून रुंद भासते. दोन फुटांवरून सुरुवात, हळूहळू फूटभरापर्यंत जवळ, झोत तिरका, आणि एका जागी न थांबता. आधी कोपऱ्यातल्या एका हातभर जागेवर करून बघा आणि बोट फिरवून तपासा.

आणि बोट वाळायच्या आत धुवा. याला आधार आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात मॉरीन आणि जेम्स कॅलो यांच्या गटाने शेवाळाच्या बीजाणूंची पकड मोजायला मोजक्या दाबाचा पाण्याचा झोतच उपकरण म्हणून वापरला. बीजाणू पृष्ठभागावर बसल्यानंतर जसजसे तास जातात तसतशी त्यांची पकड घट्ट होते, असं त्यांना दिसलं. आपण जे साफसफाईचं साधन समजतो, ते त्यांच्या हातात मोजमापाचं साधन झालं. उपकरण महाग नाही म्हणून प्रयोग होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहितोय तो भाग. बोट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं, आणि प्रेशर मारून ते खरंच निघतं का?

अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या तलावांवर याचा अभ्यास झाला. रॉथलिसबर्गर, चॅडर्टन, मॅकनल्टी आणि लॉज यांचा निबंध २०१० साली ‘फिशरीज’ या नियतकालिकात आला. तिकडे लोक बोट ट्रॉलीवर टाकून या तलावातून त्या तलावात जातात आणि नको त्या वनस्पती, शिंपले, बारीक जीव पसरवतात. या लोकांनी तीन उपाय तपासले: डोळ्यांनी बघून हाताने काढणं, कमी दाबाने धुणं, जास्त दाबाने धुणं.

पाणवनस्पतींसाठी निकाल असा. हाताने ८८ टक्के निघाल्या (± ५), जास्त दाबाने ८३ (± ४), कमी दाबाने ६२ (± ३). बारीक जीवांसाठी: जास्त दाबाने ९१ टक्के (± २), कमी दाबाने ७४ (± ६), हाताने ६५ (± ४).

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. ± च्या पुढचा आकडा इथे प्रमाण त्रुटी आहे, म्हणजे सरासरीत किती डळमळ आहे ते. प्रत्येक बोटीत किती फरक पडला ते नव्हे. ८८ आणि ८३ मध्ये कोण पुढे? दोन त्रुटींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: २५ आणि १६, एकूण ४१, वर्गमूळ ६.४. फरक आहे ५ चा. फरकापेक्षा त्याची त्रुटीच मोठी. तेव्हा ‘हाताने जास्त चांगलं निघतं’ असं म्हणता येणार नाही. ‘दोन्ही सारखेच’ इतकंच म्हणायचं, आणि लेखकांनीही तेवढंच म्हटलंय. आता ८८ आणि ६२ बघा. फरक २६, त्रुटी ५.८. फरक त्रुटीच्या साडेचारपट. इथे ठामपणे बोलता येतं. बारीक जीवांत ९१ विरुद्ध ७४: फरक १७, त्रुटी ६.३. साधारण पावणेतीनपट. इथेही बोलता येतं, आवाज थोडा खाली ठेवून. पेटच्या पेपरात प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांतला फरक विचारतात तेव्हा व्याख्या पाठ असते. तिचा उपयोग हा असा.

मग निष्कर्ष काय? डोळ्यांना दिसणारी वनस्पती काढायला शंभर बारची गरजच नाही. दोन हात आणि दहा मिनिटं पुरतात. गन लागते ती न दिसणाऱ्या बारीक जीवांसाठी. आणि अर्धवट प्रेशर, म्हणजे ‘बोट जपून’ म्हणून मारलेलं हलकं पाणी, दोन्हीकडे मागे पडतं. मला स्वतःला यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती फुकट आहे. आपल्याकडचा मोठा पाहुणा म्हणजे जलपर्णी. तिचं एक तुटलेलं रोप बोटीला चिकटून दुसऱ्या तलावात गेलं तर तिथे पिल्लं फुटून पसरायला तेवढं पुरतं. त्यासाठी मशीन असलेल्या सेंटरची वाट बघायची नाही. काठावरच, बोट पाण्याबाहेर काढल्या काढल्या, मुळं-पानं हाताने ओढून काढायची आणि पाण्यापासून लांब वाळायला टाकायची.

पुढचा प्रश्न: निघालं म्हणजे मेलं का? नाही. झोत जिवाला बोटीवरून खाली पाडतो, मारत नाही. अमेरिकेत झेब्रा शिंपल्यांवरच्या प्रयोगांत ६० अंश सेल्सिअसचं पाणी निदान दहा सेकंद लागलं की शिंपले मरतात असं दिसलं, म्हणून तिकडे गरम पाण्याचा आग्रह असतो. पण आपलं साधं मशीन गरम पाण्याला बनवलेलं नसतं. बहुतेकांवर आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते, त्यापुढे सीलं जातात. आपल्याकडे स्वस्त पर्याय आहे तो म्हणजे ऊन. बोटीतलं सगळं पाणी, बूच काढून, काढून टाका आणि ती पाच-सात दिवस उन्हात ठेवा. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात तर बघायलाच नको. पावसाळ्यात मात्र हा उपाय लंगडा पडतो. आणि जलपर्णीचं बी वाळूनही बरीच वर्षं टिकतं, तेव्हा बोटीच्या तळातला गाळ धुऊन काढण्याला पर्याय नाही.

‘हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे काय?’ असं कोणी म्हणेल. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत मायटिलॉप्सिस सालेई नावाचा मूळचा अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला अर्धशतकापूर्वीच नोंदला गेलाय. हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनांमध्ये सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने मरिना बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो संपवला. तळ्याएवढ्या बंदिस्त पाण्यात हे जमलं. नाथसागर १०० टीएमसीच्या पुढचा जलाशय आहे. त्यात मोरचूद ओतायची कल्पना करून बघा. शिवाय आपण तेच पाणी पितो.

इथे चौथा प्रश्न तिसऱ्याला येऊन मिळतो: धुतलेलं पाणी कुठे गेलं? मिनिटाला ८ लिटर, अर्धा तास, म्हणजे २४० लिटर. काठावरच धुतलं तर शेवाळ, बी, रंगाचे टवके, इंजिनाचं तेल, सगळं परत धरणात. वाळूजला येऊन धुतलं आणि सेंटरला गाळाचा खड्डा नसेल तर पाणी उताराने नाल्यात, नाल्यातून खाम नदीत, आणि खाम शेवटी जाते गोदावरीच्या त्याच जलाशयाकडे. वाळूज एमआयडीसीला आणि शहराला पाणी येतं तेही तिथूनच. रंगाचं म्हणाल, तर आपल्याकडे शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. बोटीचा जुना रंग त्यात बसेलच असं नाही. समुद्रातल्या बोटींच्या तळाला तर शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचे विषारी रंग देतात. अशी जुनी बोट धरणात वापरायला विकत घेतली असेल, तर तिच्यावर काठाशी गन मारणं म्हणजे ते विष पाण्यात सोडणंच. रंगाचे टवके निघत असतील तर गन थांबवायची, आधी रंगाचं बघायचं. एरवी काठापासून लांब, गवताच्या किंवा मातीच्या सपाट जागेवर बोट घ्यायची, खाली बारदान अंथरायचं, आणि बारदानावर साचलेला गाळ गोळा करून वाळवायचा. डिटर्जंट नको. शेवाळाला त्याची गरज नसते.

आता समजा यावर छोटा प्रयोग करायचाय. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे जलाशयात काही टांगायचं-काढायचं तर वन विभागाची परवानगी लागेल, आणि तिला वेळ लागतो. त्यापेक्षा सुरुवात टाकीपासून करा. फायबर शीटचे वीतभर चौकोनी तुकडे कापा, जलाशयातून आणलेल्या पाण्याच्या टाकीत काही आठवडे बुडवून ठेवा, शेवाळ धरेल. तीन अंतरं (२०, ४०, ६० सेंमी.), दोन नोझल (२५ आणि ४० अंश), प्रत्येकाचे पाच तुकडे: झाले ३०. पाच नुसत्या ब्रशने, पाच काहीच न करता. एकूण ४०. कोणता तुकडा कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, ‘हा जास्त हिरवा आहे, हा गनला ठेवू’ असं नाही. प्रत्येकाला झोत ठरावीक सेकंद. दाब पंपावरच्या काट्याचा नाही, गनजवळ दुसरा काटा बसवून तिथला लिहा, कारण लांब नळीत दाब घटतो.

खरी अडचण पुढे आहे. किती टक्के निघालं हे सांगायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं. वजन करायचं तर तुकडा वाळवावा लागतो, आणि वाळवला की शेवाळ घट्ट चिकटतं, म्हणजे जे मोजायचंय तेच बदलतं. ओलं वजन घ्याल तर त्यात पाणीच जास्त. यातून वाट अशी निघते: धुताना खाली पडलेलं सगळं गाळणीवर गोळा करा, तुकड्यावर उरलेलं नंतर पात्याने खरवडून काढा, दोन्ही ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि वेगवेगळी तोला. निघालेलं भागिले दोघांची बेरीज. आधीचं वजन लागतच नाही. फक्त झोताचे शिंतोडे ट्रेच्या बाहेर गेले तर ‘निघालेलं’ कमी मोजलं जाईल, आणि ते जवळच्या अंतरावर जास्त होईल, म्हणजे चूक सगळ्या गटांत सारखी पडणार नाही. त्यासाठी ट्रेला तिन्ही बाजूंनी उंच प्लास्टिकची भिंत लावा. आणि तुकड्यांवर नंबर मार्करने लिहू नका, खिळ्याने मागच्या बाजूला कोरा. मार्करची शाई २० सेंमी.वर पहिल्या झोतातच जाते.